चारशे पावलांवर खानावळ

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. मनगट अजून कुरकुरतं, म्हणून पत्र टाइपरायटरवर. हमालाने ती पेटी उचलताना दोनदा विचारलं की आत ऐरण आहे का. मी म्हटलं, पोटापाण्याचं साधन आहे, सांभाळून ने.

खोली नेहमीचीच, दुसऱ्या मजल्यावरची. जुन्या मालकीणबाई गेल्यावर आता त्यांची सून लॉज बघते. बाई कामसू आहे आणि माझ्याशी फार अदबीने बोलते, कारण सासूने तिला सांगून ठेवलंय की या गावावरचं पुस्तक ज्यांनी लिहिलं ते हेच. त्यामुळे मला कोणी काही सांगायला येत नाही. उलट काल जेवणाच्या टेबलावर दोन प्रवाशांना मीच किल्ल्याचा रस्ता समजावला. कुठे वळायचं, किती पावलं, सगळं. बाकीचे मैल लिहीत बसले, मी पावलं लिहिली, म्हणून तर माझं पुस्तक लोकांच्या खिशात राहिलं आणि त्यांचं कपाटात.

गाव जसंच्या तसं आहे. खिडकीतून खाडीच्या पलीकडची चौदा पांढरी घरं दिसतात. बाजारातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाने पाच मिनिटं मागे राहण्याचा हट्ट सोडलेला नाही. कोपऱ्यावरचा सूपवाला बरोबर एकशे बारा पावलांवर. सूपात मिरी जास्त पडायला लागली आहे आणि पाव कालचा असतो, पण तळलेला मासा असा की कवचाचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जावा. लिंबू पिळलं की तेलाचा वासच बदलतो. पुस्तकाच्या तुझ्या नव्या आवृत्तीत याची जागा खाली सरकवली असशील तर परत वर आण.

तू फार काळजी करतेस. तुझ्या आईने तीस वर्षं केली, आता तू. मी काही काचेचं भांडं नाही.

नातीला पापा. माया आहेच, तिची घडी मोडू देऊ नकोस.
तुझा,
बाबा

---

शनिवार, ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे तुमच्या नातीला गोवर निघाला आहे. ताप उतरतोय, पण अंगावर पुरळ आहे आणि स्वभावावर त्याहून जास्त. हे फिरतीवर आहेत, त्यामुळे मी घरातच अडकले आहे. प्रकाशनाच्या कचेरीतून कागद घरी मागवते आणि तिच्या उशाशी बसून तपासते.

बाबा, एक विचारू का? रागावू नका. ते मनोऱ्यावरचं घड्याळ गेल्या वर्षी मी नव्या आवृत्तीच्या मोजणीला गेले तेव्हाच उतरवलेलं होतं. तिथे आता भोकाला पत्रा मारलाय. चौदा घरांतली पाच पाडली. हे सगळं नव्या आवृत्तीत लिहिलंय. प्रुफं तुमच्याकडे आठ दिवस होती. प्रत्येक पानावर तुम्ही सही केलीत आणि वर माझ्या विरामचिन्हांचं कौतुकही केलंत.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले. वाटलं, गंमत करताय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. वाक्यंच्या वाक्यं जुन्या आवृत्तीतली आहेत, फक्त मासा नवा आहे.

विसरायला होतंय का? की दुसरं काही? गेल्या महिन्यात तुम्ही कपाच्या बाजूला चहा ओतलात आणि कप सरकवल्याबद्दल मलाच बोललात. मीही ऐकून घेतलं. तेव्हाच विचारायला हवं होतं. मला विचारायची भीती वाटली, हे खरं.

एकटे लांब जाऊ नका. उलट टपाली लिहा आणि खरं लिहा. तुमच्या मायेवरच इथलं सगळं चाललंय, त्यात काटकसर नको.
तुमची,
भिंगरी

---

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, दुपारी दोन

सौ. मालकीणबाईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पुस्तकवाल्या पाहुण्यांची मी मुलगी. हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते आहे, कारण नुसतं बसून राहणं मला जमणार नाही.

आज सकाळी बाबांचं पाकीट आलं. आत एक कोरा कागद. मी उलटसुलट पाहिला. उजेडात धरला तेव्हा कागदावर खळगे दिसले. टाइपरायटरची रिबन संपली होती आणि त्यांनी पानभर पत्र तसंच टाइप करून, घडी घालून, पाठवून दिलं होतं. पान कोरं आहे हे ज्याला दिसत नाही तोच असं करेल. विसरण्याचं दुखणं नाही हे, मालकीणबाई. माझ्या बाबांना दिसत नाही. किती दिवसांपासून, मला माहीत नाही. आम्ही एकाच गावात राहतो, रविवारी एका टेबलावर जेवतो, आणि मला माहीत नाही.

माझ्या मुलीच्या रंगपेटीतली पेन्सिल घेऊन मी कागदावर फिरवली, तेव्हा अक्षरं वर आली. घड्याळाबद्दल थट्टा केली होती, की मीच चुकीच्या गावाला गेले असेन. आणि शेवटी लिहिलं होतं की शुक्रवारी दुपारी, गर्दी नसते तेव्हा, लांबच्या धक्क्यावर जाणार आणि टोकाच्या खानावळीत जेवणार. ‘धक्क्याच्या सुरुवातीपासून चारशे पावलांवर खानावळ’, हे त्यांच्या पुस्तकातलं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य.

तुम्हाला सांगायला नको, ती खानावळ दोन वर्षांपूर्वीच्या वादळात धक्क्याच्या टोकासकट गेली. मोडलेल्या कडेला नुसती गुडघ्याएवढी दोरी आहे. मी ती दोरी ओलांडून खाली वाकून पाहिलंय. खाली खडक आहेत.

मी शेजारणीला मुलीपाशी बसवून तारघर गाठलं आणि साडेदहाला तार केली: धक्का मोडला आहे, आता तीनशेच पावलं, जाऊ नका. परत येताना थोडं हायसं वाटलं. म्हटलं, हट्टाने गेलेच तरी आकडा तरी बरोबर कळेल.

मग घरी मुलीला पेज भरवताना माझा हात थांबला. त्या पुस्तकातली पावलं बाबांची असतात. त्यांचं पाऊल लांब. मी लहान असताना त्यांच्याबरोबर चालायचं तर त्यांच्या चार पावलांना मला पाच टाकावी लागत, म्हणून तर भिंगरी. आजही तसंच आहे. आणि धक्का गेल्या वर्षी मी मोजला. तीनशे पावलं माझी आहेत. त्यांची दोनशे चाळीसच होतील. पुस्तकात बाकी सगळीकडे त्यांची पावलं, आणि मी बदललेल्या नऊ जागी माझी. हे मला छापताना सुचलं नाही, कचेरीत कोणाला सुचलं नाही. आणि आता मी त्यांना तारेने कळवलंय की तीनशेपर्यंत खुशाल जा.

आकडा कळवला नसता तर कदाचित भीतीने हळू चालले असते. आता माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून झपझप जातील.

एक वाजता दुसरी तार केली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, तिकडची लाइन सकाळपासून धड नाही, संध्याकाळपर्यंत पोचेल. मी त्याला म्हटलं, संध्याकाळ उपयोगाची नाही. तो म्हणाला, बाई, मी तारा पाठवतो, वेळ ठरवत नाही. तुमच्याकडे फोन नाही, म्हणून बंदर कचेरीचा फोन चार वेळा लावला. नुसता वाजतो. दुपारची जेवायची सुट्टी असेल.

मुलगी विचारते आहे, आई कागदावर पाणी का सांडतेस. या वेळी ते जिना उतरत असतील. ते सावकाश उतरतात, कठड्याला हात लावून. मी समजत होते, वयामुळे.

परक्या बाईचं एवढं रडगाणं वाचलंत, आता आपली मानून उत्तर द्या. काय झालं ते जसं असेल तसं लिहा.
आपली नम्र,
भिंगरी

---

रविवार, १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं नाही, मालकीणबाईंचं आहे. मी सांगतो, त्या लिहितात. दुसरी तार शुक्रवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी आली, लगेच आमची खुशाली तारेने कळवली, ती तुला मिळाली असेल. आता सविस्तर.

पहिली तार बाराला आली. चष्मा वर राहिला असं सांगून मी मालकीणबाईंकडून ती वाचून घेतली. तुझं पत्रही असंच एका प्रवाशाकडून वाचून घेतलं होतं. ऐकल्यावर त्या म्हणाल्या, हो की, धक्का तर कधीच मोडला, तुम्हाला ठाऊक असेल म्हणून बोलले नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे तर. अशा बाबतीत खोटं बोलायला मला एक क्षणही लागत नाही. दीड वर्षाचा सराव आहे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि त्या दोघांमधलं अंतरही कमी होत चाललंय.

तुला का सांगितलं नाही? तू मला खोलीत बसवलं असतंस. चांगल्या खोलीत, खिडकीजवळ. म्हणून इकडे आलो. म्हटलं, माझं स्वतःचं पुस्तक मला चालवतं का ते तरी बघू. जिना चालला, सूपवाला चालला, किल्ल्याचा पायथा चालला. माझी छाती फुगली होती.

खानावळ नाही हे कळल्यावर परत फिरायला हवं होतं. पण तू आकडा दिला होतास. आकडा मिळाला की मला रस्ता मिळाल्यासारखं वाटतं. म्हटलं, दोनशे नव्वदवर थांबू, वारा खाऊ, परत येऊ. तुझ्यापुढे पैज जिंकल्यासारखं होईल. ऊन तोंडावर होतं, काठी डाव्या कठड्याला लागत होती. मोजत निघालो. दोनशेनंतर कठडा संपला. तेव्हाही थांबलो नाही.

दोनशे तीसच्या पुढे कुठेतरी माझ्या डोक्यात आलं की भिंगरी मोजणीला एकटी गेली होती. म्हणजे पावलं कोणाची? तू संपादक आहेस, कदाचित हिशोब करून माझ्या मापात बसवली असशील. कदाचित नसशील. प्रुफात बहुधा लिहिलेलं असेल, आणि प्रुफं मी वाचली नव्हती. तीनशे तुझी, तर माझी दोनशे चाळीस. मी तेव्हा दोनशे सदतीसवर होतो. किंवा अडतीसवर. विचार करताना मोजणी सुटली.

मी उभाच राहिलो. मागे वळलो तर नेमका किती वळलो हे कळणार नाही, म्हणून वळलो नाही. खाली पाणी वाजत होतं आणि ते चारी बाजूंनी वाजत होतं. मग खाली बसलो. काठी पुढे सरकवली. एका हातावर ती दोरीला लागली, दोरीखालून पुढे गेली आणि टेकली नाही. तेव्हा काठी हातातून सुटली. पडल्याचा आवाज यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी श्वास घेतला नाही.

हाका मारल्या. तीस वर्षं या गावात मी कोणाला रस्ता विचारला नव्हता. तासाभराने जाळी विणणारा एकजण आला. तो मला ओळखत होता. म्हणाला, साहेब, तुम्हीच असं इथे कसं बसलात? मी त्याला म्हटलं, मला दिसत नाही. हे वाक्य पहिल्यांदा मी त्याच्यापाशी बोललो, तुझ्यापाशी नाही, याचं मला वाईट वाटतं.

तो हाताला धरून इथवर घेऊन आला. तेव्हापासून खोलीबाहेर पडलेलो नाही. गंमत अशी की तू मला बसवायच्या आधी मीच बसलो. जिन्याच्या चोवीस पायऱ्या मला पाठ आहेत, पण कोण जाणे, मधली एखादी कोणी काढून नेली असेल असं वाटतं. जेवण वर येतं. मासा चांगला असतो. मी काट्यांना घाबरतो.

कचेरीत सांग, छापलेल्या प्रती बाहेर जाऊ देऊ नका. तुझ्या मापाने चालणारा एखादा माझ्यासारखा निघायचा. पावलं काढून टाका, सरळ मीटर लिहा. मी भांडणार नाही.

नातीचा गोवर पुरता उतरल्याशिवाय निघू नकोस. तिला एकटं ठेवू नकोस. मी इथे आहे तिथेच आहे. पण उतरला की ये.

शेवटी मी एक वाक्य सांगितलं आणि लगेच मालकीणबाईंना म्हटलं की ते खोडा. त्या म्हणतात, मी ऐकलं तेवढं लिहिलंय, खोडणार नाही. वाक्य असं होतं: भिंगरी, मला फार भीती वाटते.

राहू दे म्हटलं.

मायेत कमी पडलो असेन तर ते तोंडावर बोलून घे, पत्रात नको.
तुझा,
बाबा