दुप्पट वेगाची भूपाळी

सोम., १८ नोव्हें.

मुन्शी घाटावरच्या मावशीकडचा रेकॉर्ड-प्लेअर आज उगाच आठवला. शाळेचे निळे झगे अंगावरच, मी नि धाकटी बहीण नलू. मी अकरा, ती नऊ. ३३ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ४५ च्या वेगावर लावायचो. भारदस्त बुवा उंदरासारखे किचकिचायला लागायचे नि आम्ही सतरंजीवर लोळायचो. दादा यायचा, खटका खाली करायचा. "बिघडवाल." एवढंच. परत गेला की परत ४५.

मौनाचा चौथा दिवस. पाटी घेऊन हिंडते. स्वरतंतूवरची गाठ २५ ला काढणार, तोवर गळ्यातून हूं की चूं नाही. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, घोगरं का होईना. पाटीवर 'गाणं?' लिहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

उद्या केतकी येतेय इंदूरहून. दादाची मुलगी, गाण्यांचे व्हिडिओ करते. आईची भूपाळी घाटावर माझ्यावर चित्रित करायचीय, गाठ काढायच्या आत. कळवलं की मला गायला बंदी आहे. उत्तर आलं: "गायचं नाहीये आत्या, नुसते ओठ हलवायचेत." आवाज तिनं गेल्या वर्षीच्या दिवाळीत रेकॉर्ड केलेला आहे. तेव्हा गाठीचं काही माहीत नव्हतं.

मंगळ., १९

के. आली. गल्लीत सांड आडवा बसला होता म्हणून तासभर उशीर. "त्याला सॉरी म्हटलं, तरी हलेना."

जेवताना युक्ती समजावली. व्हिडिओ संथ हवाय: पाणी, पदर, पक्षी सगळं तरंगत. पण संथ केलं की ओठही संथ होणार, नि गाणं पुढं निघून जाणार. म्हणून गाणं लावायचंच दुप्पट वेगानं. मी त्या वेगानं ओठ हलवायचे. मग चित्र निम्म्या वेगानं दाखवायचं. ओठ बरोबर मूळ गाण्याला येऊन मिळतात, बाकी जग मात्र सावकाश चालतं.

दोनदा सांगायला लावलं. कळलं तेव्हा हातातला घास तसाच. केवढं साधं, नि कुणाला सुचलं असेल.

बुध., २०

दिवसभर सराव. कानात इयरफोनच्या तारा घालून. आवाज माझाच, नुसता घाईत, जसं काही गाडी सुटतेय. कॉन्व्हेंटात सिस्टर दातांत पेन्सिल धरून कविता म्हणायला लावत, ते आज कामी आलं. जबडा दुखतोय.

के.: "ओठ पळू देत, भुवया नकोत. भुवया पळाल्या की चेटकीण दिसशील."

पाटीवर विचारलं, दादाला दाखवशील ना?

"बाबांना? त्यांना गाणंच आवडत नाही ग. रेडिओवर लागलं की चप्पल घालून चक्कर मारायला जातात. आधीपासूनच."

पाटी पुसली.

गुरु., २१

घडलं तसं लिहिते.

सहाला घाटावर. थोडं धुकं. सैबेरियाचे पक्षी आलेत, बचाऊ नाववाला शेव टाकून त्यांना आव-आव करत होता. के. कॅमेरा घेऊन त्याच्या नावेत, मी पाचव्या पायरीवर आईची अंजिरी साडी नेसून. स्पीकर पायाशी. तिनं हात वर केला, गाणं सुरू झालं.

माझा आवाज नव्हता. नलू गात होती.

'ऊठ गे गंगे, विंचर केस, नावा आल्या दारी.' तीच बारीक, पुढं पळणारी. ती अशीच गायची, सदा घाईत. आई म्हणायची, "नले, गंगा कुठं पळून जात नाही." आम्हा दोघींचे गळे इतके सारखे की आतल्या खोलीतून आईला ओळखू यायचे नाहीत. नलूचा आवाज कुठंही नाही. तबकडी नाही, टेप नाही. फोटोही एकच, शाळेचा, हललेला. असं मी चोपन्न वर्षं समजत होते.

ओठ हललेच नाहीत. नावेत बचाऊ हसत होता, "अरे, ई त मूस गावत हौ." उंदीर गातोय म्हणे.

के. ओरडली, "सॉरी आत्या, कालसारखी पट्टी लॉक करायची राहिली. वेग वाढला की आवाज चढतो. थांब, नीट करते." पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून वर धरलं: असंच राहू दे.

दुसऱ्यांदा लावलं. ती पुढं, मी मागं. तिसऱ्या ओळीपासून मला काही करावं लागलं नाही.

शुक्र., २२

के.नं लॅपटॉपवर दाखवलं. पक्षी माझ्या डोक्यावर येऊन थांबल्यासारखे. पदर उचलला जातो नि खाली यायचं विसरतो. मी अशी सावकाश गातेय, जसं मला काहीच उरकायचं नाही. एकही अक्षर चुकलं नाही. नलूमागं धावत होते, ते चित्रात कुठंच दिसत नाही. दोन वेग एकमेकांत असे बसलेत की

पुन्हा पुन्हा पाहिलं.

के. म्हणाली, कालचा तो चढलेला आवाज नुसता कामापुरता, ठेवायचा नसतो. मग पाटीवर सगळं लिहिलं. पाटी सात वेळा भरली. तुला आणखी एक आत्या होती, नलू. दादाची परीक्षा होती, हिचं डोकं दुखत होतं तरी गुणगुणत होती. तो म्हणाला, "गप्प बस ग नले, जीव खाल्लास." ती गप्प बसली. संध्याकाळी ताप. मेंदूज्वर. आठव्या दिवशी गेली. त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्यानंही तिचं नाव पुन्हा घेतलं नाही.

के.नं पाटी स्वतःकडे ओढून पुन्हा वाचली. "म्हणून चप्पल घालतात," म्हणाली.

रवि., २४

उद्या सकाळी दवाखाना. बॅग भरली. के.साठी लिहून ठेवते. गाणं परत येईल न येईल, हे झालंच पाहिजे.

व्हिडिओ सगळ्यांना. बचाऊलाही, त्याची नाव फार छान आलीय.

आईची गाण्यांची वही तुला. मधली पानं हळदीनं चिकटलीत, ओढून सोडवू नकोस.

पेटी शाळेला. खर्जातली एक पट्टी बसलीय, तसं सांगून दे.

अंजिरी साडी तुला नको असेल तर कुणालाच नको, कपाटात राहू दे.

दुप्पट वेगाचा आवाज फक्त तुझ्या बाबांना. फोनवर पाठवायचा नाही. स्वतः घेऊन जा. दुपारचा चहा झाला की बस त्याच्याजवळ. आधी काही सांगू नकोस. तो उठून चप्पल शोधायला लागला तर बंद कर, पुन्हा कधी विषय नको. बसून राहिला तर शेवटपर्यंत लाव. कोण आहे म्हणून विचारलं तर तू उत्तर देऊ नकोस. नाव त्यालाच घेऊ दे.

पाटी माझ्याबरोबर नेतेय. ती कुणाला द्यायची ते आल्यावर बघू.