दोघं बसल्याशिवाय पेटी उघडायची नाही

आदरणीय भाऊजी,

धाकट्या मेव्हणीचा नमस्कार. तुम्ही दोघं बरे आहात असं धरून चालते, कारण विचारत बसायला वेळ नाही. ताईच्या गुडघ्याला तेल लावता ना? (ती नको म्हणेल, तरी लावा.) तुम्ही ओळख काढून मला घरदुरुस्तीच्या कंपनीत चिकटवलंत त्याला तीन महिने झाले. साहेब तुमच्याकडे माझी तक्रार करणारच, म्हणून आधी माझ्याकडून ऐका. शनिवारपर्यंत एकही ऑर्डर आणली नाही तर सोमवारपासून घरी बसा, असं त्यांनी सुनावलंय. आणि मला घरी बसवत नाही हे तुम्ही जाणता. मी घरी असले की सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावते, ती आली की परत लावते, आणि मुलगा बिचारा साखर शोधत फिरतो.

काम तसं अवघड नाही. खिडक्या, ओटे, पार्टिशन, जे हवं त्याच्या नमुन्यांची पेटी घेऊन जायचं. पण नवरा-बायको दोघं समोर बसल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असा नियम आहे. (एकाने हो म्हटलं की दुसरा मागाहून मोडता घालतो, म्हणून.) वर भाव दोन तासांनी सांगायचा, तोवर पडद्यांचं कौतुक करायचं. एवढे पडदे असतात कुठे? माझं कौतुक दहा मिनिटांत संपतं आणि मग पाय वळवळायला लागतात.

मंगळवारी एका रिटायर मास्तरांकडे गेले. त्यांची बायको नर्स होती, तीही रिटायर. त्यांना हॉलच्या मधोमध पार्टिशन हवं होतं, अर्धा हॉल मास्तरांचा, अर्धा बाईंचा. मास्तरांनी बाईंची शिलाई मशीन न विचारता कुणाला तरी देऊन टाकली होती, तेव्हापासून सव्वा वर्ष बोलणं बंद. आता नियम म्हणजे नियम, मी दोघांना एका टेबलाशी बसवलं. मास्तर मला सांगणार, दार खिडकीच्या बाजूला हवं म्हणून हिला सांगा. बाई मला सांगणार, दारच नको म्हणून त्यांना सांगा. मध्ये हातभर टेबल, आणि निरोप्या मी. रंग दोघांनी एकच निवडला, तर दोघांनीही लगेच बदलला. सव्वा तास झाला, भाव सांगायला अजून पाऊण तास, माझं डोकं फिरलं. म्हटलं, मास्तर, मशीन का दिलीत ते एकदा यांना सांगून टाका, नाहीतर मी पेटी उचलते.

मास्तरांनी माझी मोजमापाची टेप उचलून गुंडाळायला घेतली. मग म्हणाले, “हिला दिसेनासं झालं होतं. सुईत दोरा जाईना की रडत बसायची. मला बघवेना.”

बाई म्हणाल्या, “मग दोरा ओवून द्यायचा होतात.”

भाऊजी, पुढचा अर्धा तास मी तोंड मिटून बसले होते, ताईला सांगितलंत तर खोटं वाटेल तिला. दोघं जे भांडले म्हणता, सव्वा वर्षाचं सगळं काढलं. मग बाईंनी चहा आणला. दोनच कप. मी पेटी उचलली आणि निघाले.

साहेब भडकले. म्हणाले, तुम्हाला भिंत घालायला पाठवलं होतं. मी म्हटलं, नियम तुमचाच. तेही त्यांना झोंबलं. तेव्हा तुम्ही जरा त्यांच्या कानावर घाला, की मेव्हणी तोंडाने फटकळ आहे पण कामाला वाईट नाही.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची मेव्हणी

ता.क. तुमच्यापासून लपवत नाही. काल मास्तरांचा फोन आला होता. नवी मशीन हाताची घ्यायची की पायाची यावरून बिनसलंय, पार्टिशन पक्कं, आजच या, सही करतो म्हणाले. मागून बाई थेट त्यांच्यावरच ओरडताना ऐकू येत होत्या. मी सांगून टाकलं, कंपनीने पार्टिशन बंद केलंय. हे साहेबांना कळू देऊ नका.

ता.क. दुसरा. तेव्हा आता सगळं तुमच्यावर. शनिवारच्या आत ओळखीतलं एखादं गिऱ्हाईक बघा. खिडकी, ओटा, काहीही चालेल. फक्त नवरा-बायको बोलतात ना, तेवढं आधी विचारून घ्या.