तीन चारोळ्यांचा केक

बाई, आज तुम्हाला एक गोष्ट विचारायला बसलेय, आणि तीही अशी की जी विचारू नका म्हणून तुम्हीच आम्हा मुलींना बजावलं होतंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरासुद्धा मला धड आठवत नाही. चष्म्याची एक दांडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली असायची, तेवढी मात्र अजून दिसते. मी आता म्हातारी झालेय, तुम्ही तेव्हा होतात त्याच्यापेक्षा कितीतरी म्हातारी, आणि तुम्हाला हसू येईल, पण मी रहस्यकथा लिहिते. जन्मभर तेच केलं. दिवाळी अंकांतून छापून येतात, लोक वाचतात, पत्रं पाठवतात. माझ्या कथेतली तपास लावणारी एक बायबलबाई आहे, घरोघर शास्त्र वाचायला जाणारी, आणि तिच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली आहे. ती कोण हे कुणाला कळत नाही. कळणार तरी कुणाला, तुम्हाला ओळखणारं आता राहिलंय कोण?

निजाम सरकारच्या काळातली ती आपली छावणीजवळची मिशनची शाळा, दुपारचा शिवणाचा तास, आम्ही मुली चटईवर टिपा घालत बसलेल्या. तुम्ही नगरहून आलेल्या, तुमची मराठी आमच्यासारखी नाही, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी. मिशनच्या मेमसाहेबांच्या कपाटातली इंग्रजी पुस्तकं तुम्ही वाचायचात आणि शिवता शिवता आम्हाला मराठीत सांगायचात. त्यातल्या साहेबाच्या वाड्याची तुम्ही नवाबाची देवडी करायचात, आणि पुस्तकातल्या खुनाचं आमच्यापर्यंत येईतो लोणच्याची बरणी फुटणं व्हायचं, कारण आम्ही लहान, रात्री भिऊ म्हणून. बरणी कुणी फोडली याच्यावर तुम्ही आठवडाभर आमचा जीव टांगणीला लावायचात. शेवटी सगळे एका खोलीत जमायचे, चोर सापडायचा, आणि मग काय, तर सगळे त्याच्यासकट जेवायला बसायचे. एकदा मी चिडून विचारलं, "बाई, पोलीस कुठंय मग?" तुम्ही दातानं दोरा तोडलात आणि म्हणालात, "पोलीस बाहेर उभे आहेत. आधी त्याला जेवू दे." आजही माझ्या कथेत कुणी तुरुंगात जात नाही. संपादक वैतागतो. म्हणतो, आजी, एकाला तरी आत टाका. मी म्हणते, माझ्या बाईंनी मला तसं शिकवलं नाही.

पण खरी गोष्ट, जी आपल्याच कंपाऊंडात घडली, ती माझ्यानं काही केल्या लिहून होत नाही. घोडं तिथंच अडतंय. माझी आई आणि मावशी, तुम्हाला ठाऊकच आहे, एका भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या सख्ख्या बहिणी. आजोबा लासूरकडचे, मेंढरं राखणारे, म्हातारपणी बाप्तिस्मा घेतलेले. आई शास्त्रात मुरली, मावशी मात्र अर्धी रानातच राहिली. पाळकसाहेबांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला, तर ही भर देवळात शेजारणीला म्हणते, "एका मेंढरापायी बाकीची रानात सोडून कोण जातंय? लांडगं नायत का तिथं?" आई शरमेनं लाल. तुम्ही मात्र मागं वळून तिला म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. शहाणा माणूस जाणार नाही." एवढं म्हणून तुम्ही परत पुढं तोंड करून बसलात. मावशी त्याच्यावर कितीतरी दिवस विचार करत होती.

मग तिच्या पोरीला गोवर निघाला. आत उतरला, पोर डोळे उघडेना. मावशीनं प्रार्थना केल्या, दवाखान्याचं औषध पाजलं, आणि एके दिवशी पोरीला खांद्यावर टाकून दौलताबादच्या वाटेवरच्या बिरोबाला घेऊन गेली. तिथला भंडारा तिच्या कपाळाला लावला. पोर पुढं बरी झाली. पण पोरीच्या कानामागं राहिलेला पिवळा रंग माझ्या आईला दिसला, आणि आईनं, बाई, माझ्या आईनंच ते पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. मंडळीचे वडील पंचासारखे निवाड्याला बसले. मावशीला म्हणाले, चुकलं म्हण, मिटवून टाकू. मावशी म्हणाली, "पोर वाचली ना माजी. चुकलं कसं म्हनू?" झालं. प्रभुभोजन बंद, देवळात यायचं तर दाराशी बसायचं. ती दाराशी बसायला आलीच नाही. आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. भिंतीपलीकडून मावशीच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या आणि आई मुद्दाम मोठ्यानं भांडी घासायची. मी दोघींच्या मधे. मावशीनं माझी वेणी घातली तर आई ती उलगडून परत घालायची. मला त्या वेळी आईचा राग यायचा, लई राग यायचा, हे आज स्पष्ट सांगते.

नाताळ तोंडावर आला. आपल्याकडं केकाची रीत कशी होती ती आज नातवाला सांगितली तर त्याला खरी वाटत नाही. तो राहतो बजाजनगरला, त्याच्या ओट्यावर बटण दाबलं की केक होतो. आपण घरी रवा, तूप, अंडी फेटून बिस्किटांच्या डब्यात ओतायचो आणि ते डबे शहागंजच्या नानवाल्या चाचांच्या भट्टीत नेऊन द्यायचो. त्यांचे नान निघून गेले की भट्टी मंद व्हायची, तेव्हा आपले डबे आत. चिठ्ठी लावली तर जळून जायची, म्हणून वरती खूण करायची. पहिल्या वर्षी काय झालं, तर ख्रिस्ती माणसं आपण, सगळ्यांनी भक्तीनं मनुकांचा क्रूस काढला. सगळेच क्रूस. कुणाचा केक कुणाचा, पत्ता नाही, आणि येशूच्या जन्माच्या आदल्या दिवशी बाया डब्यांवरून भांडल्या. तेव्हापासून क्रूस बंद झाला आणि घरागणिक खूण ठरली. आमची मधोमध एक मनुका. मावशीच्या एका कडेला तीन चारोळ्या. "बाप, पुत्र अन पवित्र आत्मा," ती सांगायची, "बदाम परवडंना म्हनून चारोळीवर भागवलं."

त्या वर्षी आम्ही मुली डोक्यावर डबे घेऊन परत आलो, तुमच्या वर्गातल्या बाकावर मांडले, तर एक डबा जास्त. फडकं उचललं. कडेला तीन चारोळ्या. मी धावत मावशीकडं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हणाली, "म्या कशाला केक करू? मला कोन बसवतंय पंगतीला?" खोटं बोलत नव्हती. तिच्या घरात रवा नव्हता हे मला माहीत होतं. मी परत आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही डब्यावर फडकं परत नीट घातलंत आणि म्हणालात, "राहू दे इथंच."

नाताळची उपासना झाली. सगळे केक कापून एका मोठ्या परातीत कालवायचे आणि ज्याच्या हाताला जो तुकडा येईल तो त्यानं खायचा, ही आपली पद्धत. ज्या घराचा केक परातीत, त्या घरानं परातीतून खायचंच, नाही म्हणायचं नाही. तुम्ही सुरी घेऊन कापत चाललात. तो डबा आला, तुम्ही तोही कापलात आणि परातीत ढकललात. मंडळीतले एक वडील म्हणाले, "बाई, हा कुणाचा?" तुम्ही म्हणालात, "तीन चारोळ्यांचा." मला वाटतं पाळकसाहेबांच्या हातात तेव्हा तुकडा आलेलाही होता. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "जा, मावशीला बोलावून आण. त्यांचा केक परातीत आहे."

मावशी पोरीला घेऊन आली, दाराशी उभी राहिली, आणि तिचा तो खरेपणा, सगळंच मातीत घालणारा. म्हणते, "साहेब, म्या केक केलेला नाय. उगा खोटं कशाला." तुम्ही म्हणालात, "मग कुणीतरी तुमच्या नावानं केला. बसा आता." पाळकसाहेबांनी परातीकडं बघितलं. त्यातून आता तिचा केक वेगळा कसा काढणार? सगळा एक झालेला. त्यांनी परात उचलली आणि स्वतः तिच्यापुढं धरली. बसायला मात्र जागा नव्हती. तेव्हा माझी आई, चटईवर मांडी घालून बसलेली, मान खाली, तिनं फक्त गुडघा आत घेतला. एका माणसापुरती जागा झाली. मावशी तिथं बसली. आईनं परातीतला एक तुकडा उचलून पोरीच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे." त्यानंतर दोघी एकमेकींकडं मीठ-मिरची मागू लागल्या, मरेपर्यंत. त्या दिवसाबद्दल मात्र दोघींनी तोंडात मूग धरले.

आता माझं डोकं जिथं फिरतं ते सांगते. सुट्टीत आम्ही दोघी मैत्रिणी तुमच्या गोष्टींतल्यासारख्या तपासाला लागलो. नानवाल्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, "एक बुरखेवाली डब्बा रख को गई, बोली मिशनवालों का है. बुरखे में कौन था मेरे कू क्या मालूम, बच्ची? मैं भट्टी का मुँह देखता, औरतों का नईं." आपल्या बायांच्या हाती लागेल असा बुरखा म्हणजे कंपाऊंडाच्या भिंतीपलीकडच्या बीबींचा, दुसरा कुणाचा असणार? पण त्यांच्या मुलीला तुम्ही शिवण शिकवायचात, आणि माझी आई त्यांना अंडी नेऊन द्यायची. बुरखा दोघींनाही मिळाला असता. डबा मेमसाहेबांच्या बंगल्यावरचा होता, हिरव्या झाकणाचा, तसले डबे फक्त तुमच्याकडं यायचे. पण मी तो डबा घासायच्या आधी चाटला होता, आणि त्याला गुळाची चव होती. लढाईमुळं साखर मिळेना तरी केकात गूळ घालणाऱ्या दोनच बाया होत्या, माझी आई आणि मावशी. आता बोला. डबा तुमच्याकडं बोट दाखवतो, गूळ आईकडं, आणि बुरखा कुणाकडंच नाही.

हे सगळं मी तुम्हाला येऊन सांगितलं आणि म्हणाले, आता बीबींना विचारते, की झालं. तुमच्या तोंडात सुई होती. ती काढून तुम्ही सुयांच्या गादीत टोचलीत. "नाही. तपास इथं थांबवायचा." मी हटून बसले, "पण गोष्टीत तर शेवटी कळतंच ना, बाई." तुम्ही म्हणालात, "चोर शोधावा. देणारा शोधू नये." तेव्हा मला ते फार मोठं, शास्त्रातलं काहीतरी वाटलं. आज वाटतं, ही पळवाट तर नव्हती? पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नगरला गेलात आणि तिकडंच तापानं वारलात. बीबींचं घरही पुढं हललं.

समजा, तो केक तुम्ही केलात. म्हणजे खोटं बोलू नये म्हणून आम्हाला हातावर छडी देणाऱ्या बाईंनी दुसरीच्या खुणेचा खोटा केक भाजला, बुरखा घालून. तर मग मावशी परत आली ती एका लबाडीवर आली, आणि आईनं गुडघा आत घेतला तो चारचौघांची लाज म्हणून. समजा, आईनं केला. म्हणजे तिनं बहिणीला आधीच माफ केलं होतं, तोंडानं म्हणता येईना म्हणून चारोळ्यांनी म्हटलं. एकच केक, बाई, आणि माझी आई कशी बाई होती ते त्याच्यावर ठरतंय. मी दोन्ही शेवट लिहून बघितले. दोन्ही पटतात. एखादे दिवशी वाटतं, तुम्ही डबा दिलात आणि आईनं गूळ, दोघींनी मिळून केलं. पण तुमचं आणि आईचं कधी जमलेलं मला आठवत नाही. ती म्हणायची, नगरच्या बाईला शिंगं फुटलीत. खोट्या केकावर खरी क्षमा उभी राहते का, हेही मला कळत नाही. पाळकसाहेबांना विचारावं तर आताचे पाळक माझ्या नातवाच्या वयाचे, ते हसतील.

हे पत्र कुठं टाकायचं? पेटीत टाकलं तर टपालवाला परत आणून देईल, आणि मला त्याच्याशी हुज्जत घालावी लागेल. म्हणून हे राहणार उशाखालीच. पण एक सांगून टाकते. आई तुमच्यानंतर कितीतरी वर्षं जगली. म्हातारपणी माझ्याजवळच होती. मी तिच्याशेजारी बसून शेंगा निवडल्या, तिला माझ्या रहस्यकथा वाचून दाखवल्या, आणि चोर कोण ते ती दर वेळी माझ्याआधी ओळखायची. "आई, तो केक तू केलास का?" एवढंच विचारायचं होतं. तोंडाशी यायचं आणि मी शेंगांकडं बघायची. ती "नाय" म्हणाली असती, तर मी काय केलं असतं? म्हणून तुम्हाला विचारतेय, बाई. तुम्ही काही उत्तर द्यायच्या नाहीत.