गुडघा ठीक आहे

स्टिलवेल तळ, माँटाना
६ सप्टेंबर

ती. ऑरिन आजोबांस,

मारेनचा सा. न. वि. वि. साष्टांग नमस्कार मी परवा नदीत प्रत्यक्षच घातला. आठही अंगं भिजली, तेव्हा तो पोचला असं समजा.

जूनमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून निघाले होते, हे माझ्या लक्षात आहे. पण वाटेत हा मासेमारीचा तळ लागला, इथली स्वयंपाकीण पळून गेली होती आणि बारा पाहुण्यांना सकाळी पॅनकेक करून घालायला कुणीतरी हवं होतं. मला पॅनकेक येत नव्हते. आता येतात, एका बाजूने.

आता नमस्काराची गोष्ट. खडकामागच्या काळ्या पाण्यात मोठा ट्राउट राहतो असं इथला वाटाड्या म्हणाला. मी गळाला बांधलेली पिसांची ती लांब नकली मासोळी फेकली, तुम्ही शिकवली तशी झटके देत खेचत आणली, आणि मागून माझ्या हाताएवढा लांब मासा आला. आला आणि त्याने धरली. मग मी काय केलं असेल? गळाची काठी उचलली. मासोळी त्याच्या तोंडातून सुटून माझ्या टोपीला लागली आणि मी मागच्या मागे पाण्यात. वाटाड्याने विचारलं की तुला शिकवलं तरी कुणी. मी तुमचं नाव सांगितलं नाही. घराण्याची अब्रू राखली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिकडे येते. नक्की. वाटेत एक तळं फक्त बघायचंय.

लोभ भिजला असला तरी असावा.

तुमची मारेन

•

पाइन क्रॉसिंग
१५ सप्टेंबर

चि. मारेन हिस,

अ. उ. आ.

तू काठी उचललीस. पत्रातला तेवढा भाग मी कुत्र्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो उठून बाहेर गेला.

तुझ्या वयाच्या सातव्या वर्षापासून सांगतोय. पाण्यावर तरंगत्या नकली माशीला मासा लागला तर काठी उचलावी. पाण्याखालून खेचायच्या मासोळीला लागला तर काठी जागची हलू द्यायची नाही, दोरी डाव्या हाताने खेचायची. ज्याने काठी उचलली त्याने मासा स्वतःच्या हाताने सोडला. एवढं तर शाळा न शिकलेल्यालाही कळतं, आणि तू तर जवळजवळ तशीच.

इकडची खबर. झाडं पिवळी पडली. मोठे तपकिरी ट्राउट तळ्यातून नदीच्या तोंडाशी जमलेत. गुडघा ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी विनाकारण घोळ घातलाय. वाहत्या पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, मागून कुणीतरी कमरेचा पट्टा धरला तरच, असं म्हणतात. त्यांनी जन्मात मासा धरलेला नाही. गुडघा ठीक आहे.

हाल्वरने मात्र आत्ताच बुटांना मेण लावलंय. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि बोलतो असा की नदी त्याच्या बापाने खणली. तुला रिवाज माहीत आहे. पहिल्या रविवारी रांगेत सर्वांत जुना गडी आधी उतरतो, एक फेक, एक पाऊल, आणि त्याच्यामागे सगळं गाव. जो एक वर्ष चुकला तो पुढच्या वर्षापासून शेपटाला. एकतीस वर्षं मी पहिला आहे. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तू आपल्या सवडीने ये. गुडघा ठीक आहे.

आशीर्वादात कसूर नाही, तुझ्याकडून टपालातही नसावी.

ऑरिन

•

टॅमरॅक तळ्याच्या काठावरून
२४ सप्टेंबर

ती. आजोबांस,

सा. न. वि. वि.

तळं फक्त बघायचं होतं. चार दिवस झाले. त्याला मी जबाबदार नाही, पहाटे वारा पडतो आणि ट्राउट काठाला येऊन कुरणातल्या गाईंसारखे चरतात. काल एक धरला, काठी न उचलता! जाळ्यात मावेना, शेपूट बाहेर. पाण्यातच ठेवून सुटका केली. मोजला नाही, म्हणजे दर वर्षी वाढवता येईल.

माझ्या ट्रकच्या रेडिएटरला भोक पडलंय. इथला एक माणूस म्हणतो की त्यात अंडं फोडून टाकलं की भोक बुजतं. टाकलं. आता ट्रकला नाश्त्याचा वास येतो आणि गळती तशीच आहे. बरं, मी काय सांगत होते?

हां, गुडघा. आजोबा, तुम्ही एका पत्रात तीनदा लिहिलंत की गुडघा ठीक आहे. ठीक असलेल्या गुडघ्याबद्दल कुणी तीनदा लिहीत नाही. माझे दोन्ही ठीक आहेत, मी त्यांच्याबद्दल कधी अवाक्षर काढलंय?

मी येते. पट्टा मी धरीन. वाटेत आता काहीही बघणार नाही. ट्रक चालला नाही तर कुणाच्या तरी गाडीत बसून येईन.

तोवर पाण्यात उतरू नका आणि हाल्वरशी भांडू नका. दोन्ही जमणार नसेल तर भांडा.

मारेन

•

पाइन क्रॉसिंग
३० सप्टेंबर

चि. मारेन,

अ. उ. आ.

हाल्वर काल येऊन म्हणाला की तो माझा पट्टा धरायला तयार आहे. मी काय उत्तर दिलं ते टपालातून पाठवता येत नाही.

तुझ्या पाण्यात घालायच्या बुटांच्या तळाचे खिळे बदलून ठेवलेत. दोरीला मासोळी तुलाच बांधावी लागेल, गळाच्या त्या बारीक नेढ्यातून दोरी ओवणं आताशा मला कंटाळवाणं वाटतं.

यायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. रविवार, सकाळी आठ.

ऑरिन

•

बर्च फ्लॅट, पेट्रोल पंपाजवळच्या खानावळीतून
९ ऑक्टोबर

ती. आजोबांस,

सा. न. वि. वि., पण आज जरा रागातच.

मी आले की नाही? शेवटचे चाळीस मैल मेंढ्यांच्या गाडीत, मेंढ्यांबरोबर बसून आले. पावणेनऊला पोचले, तर तुम्ही सगळा जामानिमा करून काठावर उभे, आणि लोकांना सांगताय की पाण्याचा रंग बघतोय. तासभर रंग! मागे चौदा माणसं खोळंबलेली. आणि हाल्वर, हे मात्र खरं सांगायला हवं, तुमच्यापुढे एक पाऊल टाकायला तयार नव्हता. लोकांना म्हणत होता की रंग बघायलाच हवा.

मी पट्टा धरला. तुमची पाठ केवढीशी झालीय हे मला तेव्हा कळलं, पण ते असो. एक फेक, एक पाऊल. सहाव्या पावलाला पाणी फुगलं आणि त्या माशाने तुमची मासोळी धरली. दोन फुटांचा तरी होता, जबडा आकड्यासारखा. आणि एकतीस वर्षं पहिला असलेल्या माझ्या आजोबांनी काठी उचलली.

रांगेतल्या चौदाही माणसांना एकदम डोंगर बघावेसे वाटले. मीही डोंगर बघितले. दोन दिवस राहिले, तुमच्या हातची, रानातल्या हकलबेरींची गोड पाई खाल्ली, एक शब्द काढला नाही.

आणि आज इथे, नव्वद मैलांवर, एक अनोळखी माणूस मला सांगतो की पाइन क्रॉसिंगच्या ऑरिनचा जन्मातला सर्वांत मोठा मासा गेला, कारण नात मागे घसरली आणि तिला सावरायला त्याने हात वर केला!

मी घसरले नव्हते. माझे पाय दोन धोंड्यांमध्ये खुंटासारखे रोवलेले होते. खुलासा हवा.

त्या माणसाला मी काय म्हणाले ते विचारू नका. बरं, सांगते. म्हणाले, हो, ती नात मीच, आणि फार वाईट घसरले.

कुत्र्याला काही वाचून दाखवू नका.

मारेन

•

पाइन क्रॉसिंग
१६ ऑक्टोबर

चि. मारेन हिस,

अ. उ. आ., नेहमीपेक्षा एक जास्त.

तू घसरली नव्हतीस. गावात मात्र घसरली आहेस, आणि कृपा करून तशीच राहा. मासा लागला तेव्हा मी पट्ट्यावरच्या तुझ्या मुठीचा विचार करत होतो. सात वर्षांची होतीस तेव्हा मी तुझा पट्टा असाच धरायचो. हात आपोआप वर गेला. हा खुलासा. पुन्हा मागू नकोस.

पत्र कुत्र्याला वाचून दाखवलं. तो माझ्याकडे बघत बसला आणि मग बाहेर निघून गेला. त्याचं बरोबर आहे.

आणखी एक. हाल्वर आपल्या दोघांच्या मागेच उभा होता, त्याने सगळं पाहिलंय. गावात ब्र काढला नाही. उलट नात घसरल्याचं तोच शपथेवर सांगतो. काल कॉफी प्यायला आला, बराच वेळ माझ्या काठ्या उगाच हाताळत बसला, आणि जाताना दारात उभा राहून त्याने विचारलं की पुढच्या वर्षी पहिल्या रविवारी मारेनचा दुसरा हात मोकळा असेल का. सहजच विचारतोय म्हणाला. त्याचा गुडघा ठीक आहे.

तीनदा म्हणाला.

ट्रक दुरुस्त करून घे. काठी न उचलता लोभ असाच धरून ठेव.

तुझा,
ऑरिन आजोबा