एकसष्ट पौंडांचा भाव

आबा,

तुम्ही मला सातशे लिहायला सांगितलं होतं. पिठाच्या पिंपावर फळी टाकून मी वही मांडली होती आणि तुम्ही मागे उभे राहून हात पुसत होतात. इतक्या वर्षांनी लिहायला बसले, तर आधी भीतीच आठवते. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात मराठी शिकत होते, निबंधाला बक्षीस मिळालं होतं. साधी दोन ओळींची चिठ्ठी लिहिताना माझा टाक थांबला.

त्या दुपारी चेअरमनांचे मेव्हणे जीप घेऊन दौंडात आपल्या बेकरीवर आले होते. भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या आपल्या गावचे चेअरमन. सोसायटी त्यांची, विहिरी त्यांच्या, आणि धाकटे काका त्यांच्याच मळ्यात कामाला, राहायची खोलीही मळ्यातलीच. मेव्हणे दौंडात आले की तुम्हाला ‘बेकरीवाले’ म्हणत आणि दारातच उभ्यानं आपली नानकटाई खात. गावात तेच तुम्हाला ‘ए’ म्हणत आणि आपल्या हातचं पाणी घेत नसत. त्या दिवशी त्यांनी दोन नानकटाया खाल्ल्या, तिसरी खिशात टाकली आणि म्हणाले, “चेअरमनआण्णांची एकसष्टी हाय. त्यांचं पोरगं पुण्याला शिकतंय, त्याला केकच पायजे. एकसष्ट पौंडांचा.”

“एकसष्ट?” तुम्ही विचारलंत.

“मंग? साठाचा केला तर लोकं म्हंतील, एक पौंड मेव्हण्यानं वाटंत खाल्ला.” स्वतःच हसले. मग म्हणाले, “साखर कारखान्यातल्या आमच्या वाट्याची देतो. अंडी आमच्या खुराड्यातली. आता तुमचं काय ऱ्हायलं सांगा. भट्टीचा इस्तू आन् वारा.”

“आन् हात, दादा,” तुम्ही म्हणालात.

मी आतून ऐकत होते. तुम्ही हे हसत म्हणालात. मेव्हण्यांनी तुमच्या हातांकडे एकदा पाहिलं. “भाव लिहून धाडा,” ते म्हणाले. “आण्णांना कागुद लागतो. पौंडाला आठ घेता न्हवं तुम्ही? मंग पाचशेच्या वर काय जातंय!” जीप गेली.

स्टेशनच्या खानावळीत तुम्ही ज्या म्हाताऱ्या खानसाम्याच्या हाताखाली बारा वर्षं भांडी घासत केक शिकलात, त्यानं तुम्हाला एक गोष्ट बजावली होती. पहिलं अंडं फोडायच्या आधी भाव सांगायचा. फोडल्यावर भाव गिऱ्हाईक सांगतो. पण गावात आपल्या कुणीच कधी भाव सांगितला नव्हता. आजोबांना बलुतं मिळायचं. खळ्याच्या कडेला उभं राहायचं. किती, ते देणारा ठरवायचा. त्या गावाला आपल्या घरातून जाणारा हा पहिला आकडा होता. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणून तुम्ही संध्याकाळी तो मला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलात. मला वाटतं, स्वतःलाच सांगत होतात. मोठा केक म्हंजी लय लहान केकांची बेरीज न्हवं. खालचा थर वरच्याच्या भारानं बसतो, त्याला आतून बांबूच्या कामट्यांचा टेकू लागतो. आपल्या भट्टीत एवढा पत्रा मावत नाही, थर चार तुकड्यांत भाजून जोडायचा. पहिला घाणा वाया जाणार, तो भावात धरायचा. तीन दिवस पाव बंद, म्हणजे रेल्वे क्वार्टरातली गिऱ्हाइकं दुसरीकडं जाणार. वाटेत मोडला तर पुन्हा करायचा माल बरोबर न्यायचा. “सातशे,” तुम्ही म्हणालात. “अक्षरी बी लिव.”

मी पाचशे लिहिलं. अक्षरीसुद्धा. चेअरमन कागद वाचताना मला दिसत होते आणि त्यांच्या मागे मळ्यातल्या खोलीच्या दारात काकी. सातशे वाचून ते फक्त म्हणतील, ह्यांना लई माज आला का आता. एवढंच म्हणतील, आणि महिन्याभरानं काका सामान डोक्यावर घेऊन दौंडच्या फलाटावर उतरतील. मला हे स्पष्ट दिसत होतं. पाचशे मेव्हण्यांच्याच तोंडून आले होते. त्यात कुणाला राग येण्यासारखं काही नव्हतं. मी कागदाची घडी घातली. “लिवलंस?” तुम्ही विचारलंत. “व्हय,” मी म्हणाले. तुम्हाला आकडे वाचता येत होते. तुम्ही घडी उलगडली नाहीत. शिरूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलीत आणि घरी येऊन आईला म्हणालात, “धाडला भाव.” असं म्हणताना तुमची मान किती ताठ होती.

होकार आला. त्यानंतरचे आठ दिवस मी भट्टीच्या धगीत उभी होते, तरी माझे हात गार असत. घाणा एकदा नव्हे, दोनदा वाया गेला. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, “आसू दे, धरलंय आपन.” धरलेलं नव्हतं. ते मीच काढून टाकलं होतं.

सोसायटीच्या ट्रकमधून सकाळी निघालो. थर पत्र्याच्या पेट्यांत, खाली भुसा, मी मधल्या पेटीला मिठी मारून. वरवंडपर्यंत रस्ता बरा. चौफुल्याला उजवीकडे वळल्यावर प्रत्येक खड्ड्याला तुम्ही डोळे मिटता. मी खड्डे मोजत नाही. मी मेव्हण्यांच्या खिशातल्या कागदाचा विचार करते. भीमा ओलांडल्यावर एका थराला तडा जातो. तुम्ही ट्रक थांबवून तो उन्हात बघता, क्रीमनं बुजवता आणि माझ्याकडे बघून हसता. मला हसता येत नाही. तुम्हाला वाटलं मी तड्याला भ्याले.

केक आपण शाळेच्या ओसरीवर रचला. चेअरमनांच्या घरात आपल्याला बोलावलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. क्रीमचा शेवटचा गुलाब बसवलात तेव्हा मेव्हणे तुमच्या कानाशी येऊन म्हणाले, “कुणी इचारलं तर दौंडचा हाय म्हनायचं. कुणाचा, ते सांगत बसू नका.” मग चौघांनी फळी उचलून मांडवात नेली. टाळ्या आपल्याला ओसरीवर ऐकू आल्या. एका म्हातारीनं अंडी आहेत म्हणून खाल्ला नाही. बाकी सगळ्या गावानं खाल्ला. काकी पदराआड एक तुकडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, ह्यो तुमचा आमाला मिळाला.”

पैसे मेव्हण्यांनीच दिले, शाळेच्या पायरीवर. शंभराच्या पाच नोटा. तुम्ही मोजल्या. परत मोजल्या. मेव्हण्यांचा हात वरच्या खिशावर होता, आणि कागदाचं टोक मला दिसत होतं. आता तुम्ही म्हणणार, दोनशे कमी हायत. ते चिठ्ठी काढणार. तुम्ही ती वाचणार. सगळ्या गावासमोर. मी पायरीचा दगड धरून उभी होते. तुम्ही मान वर केलीत, त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत.

“बराबर हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“बराबर हाय, दादा.”

परतीच्या ट्रकमध्ये रिकाम्या पेट्या वाजत होत्या. चौफुला आला. मग तुम्ही विचारलंत, “सातशे लिवलंवतंस न्हवं?”

“व्हय.”

“मंग कापलं त्यांनी.” थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, “मागितलं आसतं मी. पर तू संगं हुतीस. आन् धाकल्याचं बिऱ्हाड त्यांच्या मळ्यात.” तुम्ही हे असं सांगितलंत, जणू माझी माफी मागत होतात.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही, आणि मग रोज उशीर होत गेला. पुढच्या वर्षी मेव्हणे पुतणीच्या लग्नाचा केक सांगायला आले. तुम्ही म्हणालात, भट्टी बंद हाय. भट्टीवर पाव होते. त्यांना वास येत होता. “का वो?” ते खरंच चक्रावले होते. “मागल्या टायमाला कागदावर हुतं तेवढं मोजून दिलं की. एक पैसा कापला न्हाई.” मी पडद्याआड होते, पिठात कोपरापर्यंत. मी पडद्याकडे बघत राहिले. तो सरकला नाही. मग तुमचा आवाज आला, पहिल्यासारखाच: “भट्टी बंद हाय, दादा.”

तुम्हाला त्या दिवशी कळलं का, हे मला आजही माहीत नाही. मेव्हणे खोटं बोलतायत म्हणून तुम्ही त्यांना परत पाठवलंत, की खरं बोलतायत म्हणून, हे तुमच्या आवाजावरून समजण्यासारखं नव्हतं. त्यानंतर भाव तुम्ही तोंडी सांगू लागलात. मला लिहायला सांगितलं नाहीत. एवढंच माझ्याकडे आहे. माझ्या लग्नापर्यंत, आणि लग्नानंतर माहेरी आले की तेव्हाही, तुम्ही मला हाक मारलीत की मला वाटे, आता विचारतील. तुम्ही विचारायचात, चहा घेतीस का.

ससून हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी तुमच्याजवळ बसत होते. तुम्ही शुद्धीवर होतात. मी पेपर वाचून दाखवला.

आई आता थकली आहे, पण तिला सगळं आठवतं. “दोनशे रुपये खाल्ले भामट्यांनी,” असं ती अजून म्हणते, आणि मी मान हलवते. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. दुसरं कुणी वाचणारं नाही. तरीही या पत्रात वर जिथं ‘मी पाचशे लिहिलं’ असं आहे, तिथं आधी मी सहाशे लिहिलं होतं. तो कागद फाडून हा दुसरा घेतला.