मापाला दिलेला फोटो

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, शाळा दुसरीपर्यंत, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव घालायची या घरात कोणाची छाती नाही. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द.

शिलाई मशीन आणि मोठी कात्री नातीला. कात्रीने कागद कापू नये, धार जाते.

बँकेतली ठेव मुलाला. आयतं खायची सवय मीच लावली, आता मोडायला मी नको.

आता लॉकेट. सोन्याचं, नखाएवढं. त्यात माझ्या थोरलीचा फोटो होता. ती लहानपणीच तापाने गेली. तिचा दुसरा फोटो नाही. मी दवाखान्यात पडले तेव्हा लॉकेट गळ्यातून काढून सुनेकडे दिलं. डॉक्टर म्हणाले, म्हातारी काही वाचत नाही. तशी ही बया माझा फोटो लहान करून छापून घ्यायला गेली. लॉकेटात बसायला हवा ना! फोटोवाला म्हणाला, जुना मापाला द्या. हिने सुईने उचकटला, त्याच्या चिंध्या झाल्या. चिंध्या जुळवून त्याने माप घेतलं, मग केरात टाकल्या.

मी घरी आले, लॉकेट उघडलं, तर आत मीच.

"थोरली कुठे गं?"

"आई, त्यात काही दिसतच नव्हतं हो. तुम्ही जवळ असाव्यात म्हणून केलं."

मी जन्मभर कपडे शिवले. मापाला आलेलं पोलकं कधी फाडलं नाही.

सून वाईट नाही, हेही लिहिते. माझं हगणंमुतणं तिनेच काढलं. रोज माफी मागते. मी देत नाही.

म्हणून घर धाकट्या लेकीला, जी साधा फोन करत नाही. मुलाने आणि सुनेने महिन्याच्या आत बाहेर पडावं. लॉकेट सुनेला. आतला फोटो मी पक्क्या गोंदाने चिकटवलाय, निघणार नाही. मी जवळ हवी होते ना, घे.

वकील म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा विचार करा." म्हटलं, "तुम्ही शिक्क्याचं बघा."

माझा हात कापतो, म्हणून सहीपुरता कागद सुनेने धरलाय. वरचं लिखाण मी पाकिटाने झाकलंय. ती आत्ताच म्हणाली, "आई, नीट धरलाय ना?"

नीट धरलाय.

सही: (केली)
साक्षीदार: १. फोटोवाला, तोच तो. २. शेजारीण, जिला सगळं आधीच ठाऊक असतं.
ठिकाण: राहतं घर, माझी खाट
तारीख: शिक्क्यावर आहे ती