टेबलाला लुगडं

ता. ९ नोव्हें. ८६, रवि.
आज लग्नाची बोलणी. सगळ्यांच्या आधी कोण आलं, तर माझ्या नातीची, संध्याची, होणारी सासू! पाचला येते म्हणाली आणि साडेतीनला दारात. माझे केस मोकळे. बाई गोड, पण नजर चौकस. थेट ह्यांच्या टेबलाकडे. हे गिरणीत सुतारखात्यात होते, माझ्यासाठी स्वतः केलं. त्याच्यावरच मला अक्षरं गिरवायला लावली. घरात कुणी विचारीत नव्हतं त्या टेबलाला, आणि संध्या म्हणते, "आजी, लग्नानंतर हे मी नेणार." अगो बाय, काय सांगू मला काय झालं ते!
पण विहीणबाई म्हणाल्या, "बघू गं, घाटकोपरला आमची जागा ती केवढी. आणि काळं पडलंय ना."
बघू म्हणजे नाहीच. पॉलिशवाल्या इस्माईलभाईंना निरोप धाडला.

ता. ११, मंगळ.
घासून लॅकर मारलं. तोंड दिसतं त्यात! इस्माईलभाई बजावून गेले, "आजी, उघडंच राहू द्या." पण समोरच्या कारखान्याची धूळ काय कमी? माझं जुनं लुगडं घडी करून घातलं वर. मऊ आहे, काय व्हायचंय.

ता. १२, बुध.
वाट लागली. लॅकर आतून ओलं होतं. लुगड्याची वीण उठली सगळीकडे, काठासकट. संध्या म्हणते, "आजी, टेबलाला पण लुगडं नेसवलंस?" हसते मेली. मला रडू. तिच्या सासूने हे बघितलं तर...

ता. १३, गुरु.
इस्माईलभाई रागावले नाहीत. "खरवडायचं नाही, थिनरनं ओढतो." आधी स्टो विझवायला लावला, खिडक्या उघडल्या. थिनर भडकतं म्हणे. कापूस मलमलीत बांधला, थिनरात बुडवून पिळला, जेमतेम ओला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हात. मध्ये थांबलं की लॅकर उचकटतं. वीण विरत गेली माझ्या डोळ्यांसमोर. घरभर पिकल्या केळ्यासारखा वास.
तेवढ्यात बेल. विहीणबाई! न सांगता!
इस्माईलभाईंनी मान वर केली नाही. "कोणी धक्का देऊ नका." बाई चप्पल हातात घेऊन उंबऱ्यातच उभ्या, श्वास धरून. चहा कुठला, स्टो बंद. कोकम सरबत दिलं, दिवाळीच्या चकल्या.
टेबल झकास झालं. एका कोपऱ्यात तेवढा काठाचा ठसा राहिला, तीन बोटं. इस्माईलभाई परत कापूस भिजवणार, तर बाई बोट फिरवीत म्हणाल्या, "थांबा हो. हे काय?"
लपवू कशाला? सांगितलं सगळं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आमच्या आईचं असंच काठाचं होतं," म्हणाल्या. मग टेबलावर विती टाकल्या. पाच आणि चार बोटं. परत टाकल्या.
"खिडकीखाली बसलं तर..." एवढंच. होही नाही, नाहीही नाही.
कोपरा तसाच ठेवलाय.
घरी जागा मोजून रविवारी येतात. ता. १६. स्टो पेटता ठेवायचा, चहाला आलं आणायचं.